विलायती रोगण

कारखान्याच्या फाटकावर आबाजी काळे खाकी कोट घालून बसत, पण कोणी त्यांना पहारेकरी म्हटलेलं त्यांना खपत नसे. "आमी हितलंच," असं ते सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आता जिथं टाकीघराचं पत्र्याचं छप्पर तापत उभं होतं, तिथं काही वर्षांमागं त्यांची बोरीची पट्टी होती. घर पवना नदीच्या अल्याड काळेवाडीत, रान पल्याड पिंपरीत. सरकारनं रान घेतलं, कारखान्याला दिलं, आणि मोबदल्यासोबत नोकऱ्या दिल्या. आबाजींना फाटक मिळालं आणि त्यांच्या एकुलत्या एक पोराला, भैरूला, आतलं काम मिळालं. कोट आबाजींनी मुकाट्यानं अंगात घातला. टोपीला मात्र ते कबूल झाले नाहीत. खाकी कोटावर तांबडंलाल मुंडासं बांधून यायचे. मॅनेजरनं दोनदा सांगून पाहिलं, तिसऱ्यांदा सांगायची त्याला हौस उरली नाही. रस्त्यानं येणाऱ्याला फाटकाच्या आधी ते मुंडासं दिसत असे.

त्यांचा दुसरा हट्ट खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा व्हायची, तेव्हा टाकीघरातला नारळ आबाजींच्याच हातून फुटायचा. "रान माझं, नारळ बी माझाच," म्हणत. साहेबलोक हसून सोडून देत, आणि बरंच करत, कारण म्हाताऱ्याशी वाद घालून आजवर कोणाचं भलं झालं नव्हतं.

शेत होतं तेव्हा या सणाआधी आबाजींची कोण धावपळ असे! विळा बोथटला असेल तर लोहाराकडून त्याला दाते पाडून आणायचे, नांगराचा फाळ ठोकून घ्यायचा, कुऱ्हाडीचा हलता दांडा बदलायचा. मोडकं, तडकलेलं अवजार देवापुढं मांडायचं नाही. भंगलेली मूर्ती जशी पुजत नाहीत, तसंच हे. आधी सांधायचं, मग गंध लावायचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं, त्यांनी भैरूला शिकवलं. आणि खरं सांगायचं तर शेतकऱ्याच्या घरात ही रीत फार शहाणपणाची होती. सणाच्या निमित्तानं का होईना, वर्षाकाठी एकदा सगळी अवजारं धड व्हायची.

भैरूकडे होती ती टाकी म्हणजे लोखंडाचा मोठा हौदच. वरून उघडी, माणूस आत उतरला तर नुसतं डोकं बाहेर दिसावं एवढी खोल. तिच्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी भरायचं, वाफेच्या नळ्यांनी कढत करायचं, आणि तेला-वंगणानं माखलेले यंत्रांचे सुटे भाग जाळीच्या टोपलीत घालून त्यात बुडवायचे. बाहेर निघायचे ते लख्ख होऊन. टाकी भरणं, तापवणं आणि डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवणं हे भैरूचं काम. तो ते मन लावून करी. बापाचं रान गेलं, पण पोराचा जीव रमला, याचं आबाजींना मोठं समाधान होतं.

टाकीघराचे इंजिनियर यशवंतराव हे पुण्याहून येणारे, कमी बोलणारे, जबाबदार गृहस्थ. टाकीच्या उभ्या सांध्याची त्यांना सारखी धास्ती वाटे. दोन पत्रे वितळवून जोडले की त्या जोडाशी लोखंड आतून ताणलेलं राहतं, आणि कढत सोडा नेमका तिथंच बारीक तडे पाडतो, हे ते शिकले होते. सोडा लोखंडाला लागूच नये म्हणून त्यांनी साहेबांच्या मागं लागून विलायतेहून नव्यानं निघालेलं एक रोगण मागवलं. एपॉक्सी असं त्याचं नाव. कामगारांना ते म्हणता येईना, म्हणून सगळे त्याला विलायती रोगण म्हणू लागले.

ते विकणाऱ्या कंपनीचा मुंबईचा माणूस स्वतः येऊन गेला होता. रोगण लावलेली एक पट्टी त्यानं सोड्याच्या बरणीत बुडवून टेबलावर ठेवली. पुढच्या फेरीला आला तेव्हा पट्टी काढली, खिशातल्या रुमालानं पुसली आणि सगळ्यांना तिच्यात स्वतःचं तोंड बघायला लावलं. पट्टीला काहीही झालं नव्हतं. सगळे खूश! बरणी थंड होती. ती चुलीवर ठेवून बघावी असं ना विकणाऱ्याला सुचलं, ना घेणाऱ्याला.

दोन डब्यांतली दोन द्रव्यं एकत्र कालवायची आणि ती आळून घट्ट व्हायच्या आत भराभर लावून मोकळं व्हायचं, असं ते काम होतं. टाकी आतून भैरूनंच रंगवली. निळसर राखाडी, गुळगुळीत, काचेसारखी. घरी येऊन बायकोला, इंद्रायणीला, त्यानं कौतुकानं सांगितलं, "आगं, तोंड दिसतंय तिच्यात."

"मग घरी कशाला आलात? तितंच बघत बसायचं," इंद्रायणी म्हणाली, आणि चुलीपुढं वाकून हसू लपवलं. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

पहिले काही महिने रोगणानं नाव राखलं. मग उन्हाळ्यात चकाकी उतरली. निळसर रंगावर पिवळट, मळकट छटा आली. भैरूच्या लक्षात आलं की टाकी गरम असताना काठावरच्या रोगणात नख रुततं. थंड झाली की ते पुन्हा कडक. त्यानं यशवंतरावांना सांगितलं. त्यांनी नख रुतवून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भाद्रपदात टाकी रिकामी केली तेव्हा सांध्याच्या कडेकडेनं फोड उठलेले दिसले, काही मुगाएवढे, काही बोराएवढे. यशवंतरावांनी एक फोड टाचणीनं फोडला. आतून पाणी आलं. ते त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिलं. साबणासारखं बुळबुळीत होतं.

"सोडा खाली गेलाय, भैरू," ते म्हणाले. "थंड सोड्याला हे रोगण दाद देत नाही. कढत सोड्यात ते मऊ पडतं, मग पाणी नि सोडा त्यातून झिरपून लोखंडाशी पोचतात, आणि रोगण लोखंडाचा हात सोडतं. वरून अखंड दिसतं, पण खाली धरलेलं काही नसतं."

त्यांनी खडू घेऊन प्रत्येक फोडाभोवती गोल काढला. "दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईहून कंपनीची माणसं बोलावलीत. ती हे सगळं खरवडून काढतील, मग खालचा सांधा नीट बघू. तोवर वाफ बेतानं सोडायची, आणि या फोडांना कोणी हात लावायचा नाही. ते किती वाढतात हे मला बघायचंय."

भैरूनं मान हलवली. त्यानं दिलेला शब्द तो पाळणार होता, आणि आबाजी मध्ये आले नसते तर त्यानं तो पाळलाच असता.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी कारखान्यात नुसती झाडलोट चालली होती. यशवंतराव सुट्टीसाठी गावी निघून गेले होते. टाकी उपसून, धुवून कोरडी केली होती, आणि जाण्याआधी त्यांनी फोडांभोवतीचे खडूचे गोल पुन्हा काढून ठेवले होते. दुपारी फाटकावर दुसऱ्याला बसवून आबाजी टाकीघरात आले, सगळीकडे झेंडूची तोरणं लागली की नाही ते पाहिलं, आणि शिडीनं वर चढून टाकीत डोकावले.

"आगं आय आय! हिला देवी आल्या का काय?" ते ओरडले. आजूबाजूचे हसले. आबाजींच्या स्वतःच्या तोंडावर लहानपणी येऊन गेलेल्या देवीचे व्रण होते, त्यामुळे ही थट्टा करायचा हक्क त्यांना होता.

भैरू खाली उभा होता. "सायबांनी खुना केल्यात, आबा. हात लावायचा न्हाई म्हनलंय."

"आरं, उद्या नारळ फोडायचाय मला! फोड आल्याली, तडकल्याली वस्तू देवाफुडं ठिवत्यात व्हय? कवा बगितलंस आपल्या घरात आसलं?"

"आबा, त्येला कारन हाय. सायबांनी मला समजावून सांगितलंय. तुमी ऐकून तरी घ्या."

"पुजा झाल्यावर ऐकतो. रोगनाचं डबं ऱ्हायल्यात का न्हाई उरल्यालं?"

डबे राहिले होते. भैरूनं कोपऱ्यातल्या डब्यांकडे पाहिलं. टाकीघरात त्याच्याशी कोणी दांडगाई करू धजत नसे, पण बापाला नाही म्हणायला तो कधी शिकला नव्हता, आणि चार माणसांसमोर तर नाहीच. त्यानं सदरा काढला, आत उतरला, उठलेले फोड पत्र्याच्या तुकड्यानं कापून काढले, घासले, ओल्या फडक्यानं पुसले. त्याच फडक्यानं खडूचे गोलही गेले. आबाजींनी स्वतः डबा धरला, वरून "हितं ऱ्हायलं, तितं ऱ्हायलं" असं दाखवत राहिले. दिवस मावळायच्या आत टाकी पुन्हा नव्यासारखी झाली. बापलेक दोघं काठावरून वाकून बघत होते, आणि आत दोघांची तोंडं दिसत होती.

"आता कसं?" आबाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पूजा थाटात झाली. टाकीला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. आबाजींच्या एकाच फटक्यात नारळाची दोन सारखी भकलं झाली. शुभ झालं, असं सगळे म्हणाले. खोबरं वाटताना म्हातारा कोवळ्या पोरासारखा मिरवत होता.

दसरा झाला. सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी यशवंतराव आले ते तडक टाकीघरात गेले. टाकीत पाहिलं तर फोड नाहीत, खडू नाही, सांध्यावर ताजं रोगण. बाहेर येऊन ते फाटकाशी थांबले.

"आबाजी, मुंबईची माणसं येऊन गेलेली दिसतात. काम चांगलं केलंय."

मुंबईची माणसं आलीच नव्हती. फाटकातून कोण आलं न् कोण गेलं हे आबाजींइतकं कोणाला ठाऊक असणार? खरं ते त्यांच्या जिभेवर आलंही होतं. पण साहेबांनी "हात लावायचा नाही" म्हटलंय, हे भैरूचं बोलणं त्यांना आठवलं. आपल्या हट्टापायी पोराला बोलणी बसायची, या विचारानं ते आवरले. साहेब खूश आहेत, टाकी झकास झालीय, मग उगाच कशाला?

"व्हय सायेब," आबाजी म्हणाले.

तेवढं बोलून ते मोकळे झाले. पुढं आयुष्यभर त्यांना तो एक शब्द काही सोडणार नव्हता.

भैरू दुपारच्या पाळीला आला तेव्हा टाकी भरली होती आणि वाफ पुरी सोडली होती. त्यानं सोबतच्या हिंदुरावला विचारलं, "सायबांनी आतून बगितलं का?" हिंदुराव म्हणाला, "बघितलं की. खूश झालं." भैरूला वाटलं, आपण केलेलं साहेबांना चाललं. त्याच्याही मनावरचं ओझं उतरलं.

नवं रोगण लावलं होतं ते जुन्या, सुटलेल्या रोगणावर. वरून आळलं तरी आतून पुरतं पक्कं व्हायला त्याला सवडही मिळाली नव्हती. कढत सोड्यानं त्याला दिवाळीपर्यंतही टिकू दिलं नाही. एका दुपारी भैरूला पाण्यावर राखाडी पापुद्रे तरंगताना दिसले, तापल्या दुधावरची साय फाटावी तसे. तो खाली उतरून बाहेरच्या अंगानं सांधा बघायला गेला. सांध्यावर मिठासारखी एक पांढरी रेघ धरली होती.

"हिंदुराव, वाफ बंद कर!" तो ओरडला, आणि रेघ ओली आहे की कोरडी ते बघायला जवळ वाकला. दुसऱ्या कोणी एवढं जवळ जाऊन पाहिलं नसतं. पण त्याची टाकी होती ती. तेवढ्यात सांधा उकलला.

आबाजींना फाटकावर आरडाओरडा ऐकू आला. ते धावले. टाकीघरात पोचले तेव्हा चौघांनी भैरूला नळाखाली धरलं होतं, वरून धो धो पाणी चाललं होतं, आणि तो एकच म्हणत होता, "डोळं, आबा, डोळं." छाती, मान, खांदा सगळं भाजलं होतं, त्याचं तो नाव घेत नव्हता.

कारखान्याच्या ट्रकनं त्याला पुण्याच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरांनी पुन्हा किती तरी वेळ डोळे धुतले, औषध घातलं, पट्ट्या बांधल्या. अंगावरचं भरून येईल म्हणाले. डोळ्यांचं आत्ता काही सांगत नाही म्हणाले.

"पर पानी लगीच मारलं की हो सगळ्यांनी," आबाजी म्हणाले.

"म्हणून तर आशा आहे," डॉक्टर म्हणाले. "तेजाब पडलं तर ते वरवर जाळतं आणि बहुधा तिथंच थांबतं. सोडा तसा थांबत नाही, बाबा. तो आत आत जात राहतो. आज बरे दिसणारे डोळे महिन्यानं कसे असतील, ते महिन्यानंच कळेल."

संध्याकाळी यशवंतराव धापा टाकत आले. मुंबईच्या कंपनीची तार त्यांना त्याच दिवशी मिळाली होती. सुट्टीत जमलं नाही, आता माणसं पाठवतो, अशी. बाहेरच्या बाकावर ते आबाजींच्या शेजारी बसले. आबाजींनी त्यांच्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. फोड कोणी कापायला लावले, डबा कोणी धरला, आणि फाटकावर "व्हय" कोणी म्हटलं. यशवंतराव रागावले असते, अंगावर धावून आले असते, तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"मी आत उतरून बघायला हवं होतं," यशवंतराव एवढंच म्हणाले, आणि त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. एकमेकांना द्यायला दोघांकडेही काही नव्हतं.

पट्ट्या सुटल्या त्या दिवशी इंद्रायणी, आबाजी आणि डॉक्टर खाटेभोवती उभे होते. भैरूनं पापण्या उघडल्या. दोनतीनदा त्या मिटल्या, पुन्हा उघडल्या. मग म्हणाला, "खिडकी हाय तिकडं. उजेड हाय." आणि मान वळवून, "आबा, तुमचं मुंडासं दिसतंय. तांबडं."

आबाजी सगळ्या वॉर्डासमोर हमसून हमसून रडले. जवळ फडक्यात बांधून आणलेले पेरू होते, ते त्यांनी ओळीनं सगळ्या खाटांवर वाटले. डॉक्टर म्हणत होते, आत्ताच हुरळून जाऊ नका, अजून पुढचं सगळं बाकी आहे. त्यातलं आबाजींनी काही ऐकलं नाही. आयुष्यभर अर्धंच ऐकायची त्यांना सवय होती.

त्या दिवसापासून त्यांचा नेमच झाला. पाळी संपली की पिंपरीहून पुण्याची गाडी पकडायची, वॉर्डात शिरायचं, खाटेशी उभं राहायचं आणि विचारायचं, "सांग बरं, मुंडासं कंच्या रंगाचं?"

"तांबडं, आबा."

मग ते बसायचे. काळेवाडीच्या गप्पा सांगायचे, म्हैस व्याली, पवनेचं पाणी उतरलं, हिंदुरावनं कोंबडी कापून डबा धाडलाय. शेजारच्या खाटेवरचा रोगीसुद्धा ते उत्तर ऐकायला कान देऊन असायचा. परत जाताना आबाजींचं पाऊल हलकं पडायचं.

दिवाळी इस्पितळातच गेली. भैरूच्या डोळ्यांवर, बुबुळांच्या काळ्या भागावर, पांढुरकी झाक येऊ लागली होती. भाताच्या पेजेसारखी. आबाजींना ती दिसत होती. औषधाचा रंग असेल, असं ते स्वतःला सांगत. डॉक्टर रोज भैरूपुढं बोटं धरून विचारत, आणि भैरू काही तरी आकडा सांगे, कधी बरोबर यायचा, कधी चुकायचा. चुकला की म्हणे, "आज जरा पानी येतंय डोळ्यांतनं."

इंद्रायणी रात्रंदिवस व्हरांड्यात असे. एकदा आबाजी निघाले तेव्हा ती त्यांच्यामागं दारापर्यंत आली. पदर नीट घेत हळूच म्हणाली, "मामंजी, ह्यांच्या हाताला तांब्या घावत न्हाई. म्होरं ठिवला तरी चाचपडत्यात."

"रंग वळखतोय की रोज! तू नगं वंगाळ बोलूस," आबाजी तिच्यावर डाफरले. ती पोर तशीच व्हरांड्यात परतली. तिला काय कळत नव्हतं? पण त्या घरात आबाजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तीही एव्हाना शिकली होती.

मार्गशीर्षात चांगलीच थंडी पडली. इंद्रायणी धुणं करायला एक दिवस काळेवाडीला आली होती. तिनं पहाटेच उठून घरातले कपडे नदीवर नेले, त्यात दांडीवर टाकलेलं मुंडासंही नेलं. सकाळी आबाजी उठून बघतात तो लांबलचक तांबडं कापड दोरीवर निथळत होतं. कामाला उशीर झालेला. जुन्या धोतराचं एक पांढरं फडकं त्यांनी डोक्याला गुंडाळलं आणि निघाले. फाटकावर दोघातिघांनी थट्टा केली. संध्याकाळपर्यंत ते स्वतःच विसरून गेले.

वॉर्डात शिरले, खाटेशी उभे राहिले. भैरू उशीला टेकून बसला होता, तोंड दाराकडे, पावलांची वाट बघत असल्यासारखं.

"सांग बरं, मुंडासं कंच्या रंगाचं?"

"तांबडं," भैरू लगेच म्हणाला, आणि हसला. "तांबडंलाल."

आबाजी हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना सकाळची दोरी आठवली. हात आपोआप डोक्याकडे गेला. बोटांना जुनं, विरलेलं धोतर लागलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस आधी आबाजींच्या डोक्याकडे आणि मग भिंतीकडे बघू लागला.

"व्हय," असं आबाजींच्या ओठांवर आलं होतं. अगदी सोपं होतं. व्हय म्हटलं असतं तर पोरगा तसाच हसत राहिला असता, उद्या पुन्हा तांबडं म्हणाला असता, परवाही म्हणाला असता, आणि दोघांनी मिळून त्याच्यावर रोगणाचा हात फिरवत दिवस काढले असते. फाटकावर यशवंतराव उभे होते तेव्हाही ते असंच सोपं होतं. आबाजींनी खाटेची दांडी घट्ट धरली.

"न्हाई रं, बाळा," ते म्हणाले. "आज पांढरं हाय. धोतराचं फडकं बांदलंय."

भैरूचं हसू तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं. मग गेलं.

आबाजी खाटेच्या कडेवर बसले. पोराला जन्मात त्यांनी एवढ्या हळू आवाजात काही विचारलं नव्हतं. "दिसत न्हाई व्हय रं?"

"न्हाई."

"कवापास्नं?"

"दिवाळीच्या आदीपास्नंच कमी कमी झालं. आता उजेड बी न्हाई."

"मंग बोलला का न्हाईस? डाक्टरला तरी बोलायचं. मला बोलायचं."

खाटेवरच्या चादरीची एक सुरकुती भैरू बोटांनी सरळ करत राहिला. त्याच्या आवाजात राग असा नव्हताच.

"तुमी ऐकून घेतलं आसतं, आबा?"

बाहेर व्हरांड्यात कोणी तरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. आबाजींच्या डोळ्यांतून पाणी खाली आलं, दाढीत गेलं. आवाज मात्र त्यांनी फुटू दिला नाही, कारण रडायचा पहिला हक्क आपला नाही एवढं त्यांना कळलं होतं.

"आता ऐकतो," ते म्हणाले. "तू सांग. सगळं सांग."

आणि भैरूनं सांगितलं. रात्र कुठली नि दिवस कुठला ते कावळ्यांवरून कळतं हे सांगितलं. इंद्रायणीचं तोंड आठवायला जातो तेव्हा चुलीपुढं वाकलेलीच आठवते, समोरून आठवत नाही, हे सांगितलं. टाकीतला सांधा उकलला त्याच्या आधीची ती पांढरी रेघ हीच आपण शेवटची नीट पाहिलेली वस्तू, हेही सांगितलं. आबाजी मध्ये एक शब्द बोलले नाहीत. सांगून झाल्यावर भैरूनं हात पुढं करून हवेत चाचपडलं. आबाजींनी डोकं वाकवून त्याच्या हाताखाली दिलं. त्यानं फडक्यावरून, गाठीवरून, कानापर्यंत बोटं फिरवली.

"लई पातळ हाय हे," तो म्हणाला. "थंडी हाय भाईर. जाड कायतरी बांदत जावा, आबा. रंग कुठला बी आसूदे."